गरिबाची विद्या आणि सरकारी तिजोरी
(डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रातील एक प्रकरण)



प्रतिवर्षी ह्या स्मरणिकेत एका थोर पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचा आपल्या संघाचा प्रघात आहे. तेरच्या संत गोरोबाकाकांपासून ह्या मालेचा आरंभ झाला आणि आपल्या कुंभार ज्ञातीबाहेरील थोरांची चरित्रेही आम्ही वेळोवेळी दिली. ह्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र द्यावे असे आम्ही योजिले. बाबासाहेबांचे नाव ज्या घरात ठाऊक नाही असे घर महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. महाडच्या सत्याग्रहाचे पुढारी, राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष आणि १९५६ साली नागपुरास लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारणारे महापुरुष म्हणून ते सर्वांस विदित आहेतच. एवढे विशाल चरित्र चार पानांत मावणारे नव्हे. म्हणून त्यातील एकच धागा येथे हाती घेतला आहे. गरीब घरच्या मुलाने महाविद्यालयात शिकावयाचे झाल्यास त्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न बाबासाहेबांनी स्वतःच्या देहावर सोसला आणि पुढे तोच सरकारपुढे मांडला.

हा धागा निवडण्यास कारण आहे. दर वर्षी जून महिना आला की संघाच्या शिक्षण निधीकडे अर्ज येऊ लागतात. मुलाला वा मुलीला गुण चांगले असतात, प्रवेशही मिळालेला असतो. अडते ते शुल्कापाशी आणि वसतिगृहाच्या खर्चापाशी. कोणी गावाकडील जमिनीचा तुकडा विकतो, कोणी घरातील सोने गहाण टाकतो, कोणी बँकेच्या कर्जाच्या दारात उभा राहतो. निधीतून होईल तेवढे साहाय्य आपण करतोच. परंतु मागणाऱ्यांचे हात अनेक आणि देणाऱ्यांची ओंजळ लहान, असा अनुभव दर वर्षी येतो. अशा वेळी बाबासाहेबांच्या चरित्राचा हा भाग वाचला म्हणजे आपण मागतो आहोत ती भीक की हक्क, ह्याचा उलगडा होतो.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत चढलेले, वाचनाची आवड असलेले आणि मुलाच्या शिक्षणाविषयी विलक्षण दक्ष असे गृहस्थ होते. निवृत्तीनंतर हे कुटुंब काही काळ साताऱ्यास राहिले व पुढे मुंबईस आले. परळच्या चाळीतील एका खोलीत सारा संसार. रात्री वडिलांनी जागे राहावे, उत्तररात्री मुलाला उठवावे आणि मग स्वतः निजावे, म्हणजे दिव्याखाली मुलाचा अभ्यास होई. मुलाने एखादे पुस्तक मागितले आणि हाती पैसा नसला तर सुभेदारांनी आपल्या विवाहित मुलीच्या घरी जावे, तिचा दागिना मागून आणावा, तो गहाण टाकून पुस्तक घ्यावे आणि निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून परत करावा. ही हकिकत वाचताना आपल्यातील कित्येकांस आपल्याच वडिलांची आठवण होईल.

१९०७ साली बाबासाहेब मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलाने ही मजल गाठणे त्या काळी एवढे अपूर्व होते की त्यांच्या सत्काराची सभा भरली. पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रवेश झाला, परंतु इंटरची परीक्षा होते न होते तोच वडिलांजवळचा पैसा संपला. शिक्षण तेथेच थांबावयाचे. पण कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी यांनी ह्या बुद्धिमान विद्यार्थ्याची गोष्ट बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या कानी घातली आणि महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. ह्या पंचवीस रुपयांवर बाबासाहेब बी. ए. झाले.

१९१३ साली दुसऱ्यांदा असेच घडले. वडिलांचे नुकतेच निधन झाले होते. बडोदा सरकारने परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देण्याचे ठरविले, आणि शिक्षण झाल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी अशा करारावर तीन वर्षांकरिता दरमहा साडेअकरा पौंड मंजूर झाले. बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे १९१५ साली त्यांनी एम. ए. ची पदवी मिळविली, नंतर डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला आणि १९१६ साली ते लंडनला गेले. तेथे अर्थशास्त्राचा व कायद्याचा अभ्यास सुरू झाला, तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. बुद्धी थकली नव्हती, उमेद खचली नव्हती. पैसा मात्र संपला होता. १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे पाठविलेली त्यांची पुस्तके बोटीबरोबर समुद्रात बुडाली. बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तर अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना आणि कचेरीतही मानहानी सोसावी लागली. अखेर ती नोकरी सोडून ते मुंबईस आले.

१९१८ च्या अखेरीस मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांना दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकाची जागा मिळाली. त्या वेतनातून त्यांनी काटकसरीने पैसा साठविला. नवल भथेना ह्या पारशी मित्राने ५,००० रुपये कर्जाऊ दिले आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १,५०० रुपयांची मदत केली. एवढ्या शिदोरीवर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. अर्धपोटी राहून, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळपासून दार बंद होईपर्यंत बसून त्यांनी अभ्यास पुरा केला. इकडे मुंबईत रमाबाईंनी अत्यंत ओढगस्तीत संसार रेटला. १९२३ साली बॅरिस्टरची सनद घेऊन बाबासाहेब परतले आणि त्याच साली त्यांना लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळाली.

ह्या सर्व हकिकतीत एक गोष्ट आम्हांस विशेष विचार करण्याजोगी वाटते. बाबासाहेबांच्या शिक्षणाला तीनदा खीळ बसली आणि प्रत्येक वेळी कोणा उदार पुरुषाने हात दिला म्हणून गाडा पुढे चालला. केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला नसता, सयाजीराव महाराज दुसऱ्या स्वभावाचे असते, शाहू महाराजांचा स्नेह जडला नसता, तर हा पुरुष कोठे असता? एका बाबासाहेबांना दाते भेटले. ज्यांना ते भेटले नाहीत, अशा किती मुलांची बुद्धी गावोगावच्या उकिरड्यावर गेली असेल, ह्याची नोंद कोणत्या दफ्तरात आहे? आपल्या उपकारकर्त्यांस बाबासाहेब कधी विसरले नाहीत. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील आपला ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तो त्यांनी कृतज्ञतापूर्वक सयाजीराव महाराजांस अर्पण केला. परंतु राजाच्या औदार्याने जे एकाला लाभले, ते कायद्याने व अंदाजपत्रकाने हजारांना लाभावे, ही जिद्द त्यांनी धरली. त्यांच्या पुढील कार्याचे मर्म येथे आहे असे आम्ही समजतो.

तो ग्रंथ लिहिणारा मनुष्य सरकारी तिजोरीचा जाणकार होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पैसा कोठून येतो, कोणाकडून येतो आणि कोणावर खर्च होतो, हे त्यांना आकड्यांनिशी ठाऊक होते. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली आणि पुढील वर्षाच्या आरंभीच सभेने सोलापुरास विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले. तेव्हा समाजाने स्वतः करावयाचे ते त्यांनी आधी केले आणि नंतर सरकारकडे बोट दाखविले, हे ध्यानात असावे.

१९२७ च्या फेब्रुवारीत ते सरकारनियुक्त सभासद म्हणून मुंबई कायदे कौन्सिलात दाखल झाले आणि १२ मार्च १९२७ रोजी शिक्षण खात्याच्या अनुदानावर त्यांनी भाषण केले. त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्च रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. महाडची गोष्ट इतिहासाने जपली. कौन्सिलातील त्या भाषणाची ओळख मात्र फार थोड्यांना आहे. आमच्या मते ही दोन्ही कामे एकाच जातीची आहेत. सार्वजनिक पाणवठा सर्वांचा, त्याचप्रमाणे सार्वजनिक तिजोरीतून चालणारी विद्याही सर्वांची, हेच मागणे दोन्ही ठिकाणी होते.

त्या भाषणातील हिशेब आजही वाचण्यासारखा आहे. मुंबई इलाख्यात सरकार शिक्षणावर दरमाणशी अवघे १४ आणे खर्च करीत होते आणि त्याच माणसाकडून अबकारीच्या, म्हणजे दारूवरील कराच्या, रूपाने २ रुपये २ आणे ९ पै वसूल करीत होते. लोकांकडून दारूपायी जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, एवढी साधी त्यांची मागणी होती. शाळेत घातलेल्या दर शंभर मुलांपैकी अठराच चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात, आणि चालू गतीने सर्व मुलगे शाळेत यावयास ४० वर्षे व सर्व मुली यावयास ३०० वर्षे लागतील, हेही त्यांनी कौन्सिलच्या नजरेस आणले.

नंतर ते शुल्काकडे वळले. कला महाविद्यालयांच्या एकंदर खर्चापैकी सुमारे ३६ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या शुल्कातून वसूल होत होती. माध्यमिक शाळांत हे प्रमाण ३१ टक्के होते. बाबासाहेबांनी ह्यास विद्येचा व्यापार ठरविले. शिक्षण खाते हे देवघेवीच्या हिशेबाने चालविण्याचे खाते नव्हे. खालच्या थरांतील माणसे नुकतीच शाळेच्या आणि महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर येत असताना दाराशी मोल वाढविणे म्हणजे त्यांना परत पाठविणे होय. सबब सर्व उपायांनी आणि शक्य तितके शिक्षण स्वस्त करणे हेच सरकारचे धोरण असले पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

ह्याच भाषणाचा एक भाग आपल्या ज्ञातीशी निगडित आहे आणि तो आपण सहसा ऐकलेला नसतो. सरकारी अहवालात त्या काळी लोकांचे चार वर्ग पाडलेले होते : पुढारलेले हिंदू, मधले हिंदू, मागासलेले हिंदू आणि मुसलमान. मधल्या वर्गात मराठे व तत्सम जाती धरल्या जात आणि आपल्यासारख्या कारागीर जातींची गणना त्यांतच होई. मागासलेल्या वर्गात अस्पृश्य, डोंगरी जमाती इत्यादी येत. महाविद्यालयात शिकणाऱ्यांचे प्रमाण दर दोन लाख वस्तीमागे पुढारलेल्यांत १,०००, मुसलमानांत ५२, मधल्या वर्गात १४ आणि मागासलेल्यांत जवळजवळ शून्य असे होते. दोन लाखांत चौदा! म्हणजे चाक फिरविणारे, भाता फुंकणारे, नांगर धरणारे आणि सुई चालविणारे असे दोन लाख लोक एकत्र केले तर त्यांत चौदा मुले महाविद्यालयात. बाबासाहेब कौन्सिलात अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून बसले होते. तरीही आपल्या आजोबा-पणजोबांच्या मुलांची ती संख्या त्यांनी सभागृहात वाचून दाखविली. आम्ही त्यांचे चरित्र आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत का छापतो, असे कोणी विचारील तर आमचे पहिले उत्तर हे आहे.

मदत कोणत्या रूपाने द्यावी ह्याचाही त्यांनी बारकाईने विचार केला होता. गरीब आईबापांच्या हाती पडलेली शिष्यवृत्ती अनेकदा घरखर्चात विरून जाते, म्हणून नुसते पैसे वाटण्यापेक्षा वसतिगृहांवर खर्च करावा, असे त्यांनी त्याच भाषणात सुचविले. चाळीतील एका खोलीत, उत्तररात्रीच्या दिव्याखाली ज्याने अभ्यास केला त्यालाच जागेचे मोल कळणार. १९२८ साली सरकारने दलित विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे मंजूर केली, तेव्हा ती चालविण्यास त्यांनी निराळी शिक्षण संस्था काढली.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो आजही विचारवंतांकडून घेतला जातो. सरकारचा पैसा थोडा, मग तो आधी प्राथमिक शाळांवर खर्चावा की महाविद्यालयांवर? १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी अशी तक्रार केली होती की, शेतकऱ्यांच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळला जातो आणि शेतकऱ्यांची मुले अक्षरशत्रू राहतात. ती तक्रार त्या काळी सर्वथैव न्याय्य होती. बाबासाहेब जोतीरावांस गुरुस्थानी मानीत. मग शिष्याने महाविद्यालयांसाठी पैसा का मागितला? आम्हांस ह्यात विरोध दिसत नाही. जोतीरावांचा रोष उच्च शिक्षणावर नव्हता. ज्यांच्या पैशातून ते चाले त्यांच्याच मुलांना तेथे मज्जाव होता, ह्यावर होता. बाबासाहेबांनी प्राथमिक शिक्षणाचा आग्रह तिळमात्र सोडला नाही. परंतु त्यांनी अनुभवाने एक गोष्ट ओळखली होती. चौथी शिकलेला मनुष्य अर्ज वाचू शकतो. अर्जावर निर्णय देणाऱ्या खुर्चीवर बसावयास मात्र वरची पदवी लागते. त्या खुर्च्यांवर आपली माणसे नसतील तर खाली शाळा काढण्याचा हुकूमही कागदावरच राहतो. म्हणून मुळापासून शेंड्यापर्यंत सर्वच शिक्षणाचा भार सरकारने उचलावा, असा त्यांचा आग्रह होता.

ही गोष्ट त्यांनी सत्तास्थानी गेल्यावर करून दाखविली. १९४२ च्या जुलैत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि ऑक्टोबर अखेर त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांस अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक विस्तृत निवेदन दिले. त्यात शिक्षणाची मागणी ठळक होती आणि ती विशेषेकरून विज्ञान व तंत्रविषयांच्या उच्च शिक्षणाची होती. बनारस आणि अलीगढ येथील विद्यापीठांस हिंदुस्थान सरकार प्रत्येकी तीन लाख रुपये वार्षिक अनुदान देते, मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणास तेवढीच रक्कम का देऊ नये, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. सरकारने तीन लाख रुपये मंजूर केले. मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती योजना १९४४ पासून सुरू झाली आणि काही विद्यार्थी परदेशीही गेले. तीस वर्षांपूर्वी एका तरुणाला एका महाराजांच्या मर्जीने जे मिळाले होते, ते आता सरकारी अंदाजपत्रकातील ओळ झाले. पुढे ह्या योजनेचा विस्तार होत गेला. आज अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या ह्या शिष्यवृत्तीचा ६० टक्के भार केंद्राने व ४० टक्के भार राज्यांनी उचलावा असे २०२० च्या डिसेंबरात ठरलेले आहे.

१९४७ साली घटना समितीसाठी लिहिलेल्या आपल्या निवेदनात त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी केंद्राने व प्रांतांनी दर वर्षी ठराविक रक्कम बाजूला काढावी, आणि ती शिक्षणाच्या अंदाजपत्रकावरील पहिला भार समजावी, अशी त्यांची मागणी होती. पहिला भार ह्याचा अर्थ संसारी माणसास सांगावयास नको. घरात पगार आला की आधी भाडे आणि किराणा, मग उरेल ते सणावाराला. विद्या ही किराण्याच्या यादीत असावी, सणाच्या नव्हे, असे हे मागणे होते.

स्वतःची संस्था काढण्यातही ते मागे राहिले नाहीत. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली. २० जून १९४६ रोजी मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. पहिले वर्ग बराकींत भरले. दिवसा नोकरी करणाऱ्या गरिबांस शिकता यावे म्हणून तेथे सकाळच्या वर्गांची सोय झाली आणि दार सर्व जातींच्या विद्यार्थ्यांस मोकळे राहिले. मराठवाड्यात त्या काळी विद्यापीठ नव्हते आणि उच्च शिक्षणाची सोय फारच तोकडी होती. तेथे औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, १९५० साली सोसायटीने महाविद्यालय काढले. १९५१ च्या सप्टेंबरात राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय ह्या नावाने प्रसिद्धीस आले. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून आलेल्या हजारो मुलांनी तेथे शिक्षण घेतले. मराठवाड्यास स्वतंत्र विद्यापीठ १९५८ साली मिळाले, आणि १९९४ साली त्या विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्यात आले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीस बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

राज्यघटनेत ४१ व्या कलमाने शिक्षणाच्या हक्काची आणि ४६ व्या कलमाने दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकली आहे. परंतु ही कलमे मार्गदर्शक तत्त्वांत मोडतात, त्यांचा आधार घेऊन न्यायालयातून शुल्क माफ करून घेता येत नाही. पुढे २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांचे मोफत शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि २०१० पासून त्याचा कायदा अंमलात आला. चौदाव्या वर्षापुढे मात्र हक्काची सीमा संपते. महाविद्यालयाच्या दाराशी आपला मुलगा पुन्हा सरकारच्या धोरणावर आणि बापाच्या ऐपतीवर सोपविला जातो.

घटनेच्या ३४० व्या कलमाने मागासवर्गांच्या स्थितीची पाहणी करणारा आयोग नेमण्याची तरतूद केली. त्याच वाटेने पुढे मंडल आयोग आला, आणि आपल्यासारख्या इतर मागासवर्गीय ज्ञातींस नोकऱ्यांत व नंतर केंद्रीय उच्च शिक्षणसंस्थांत २७ टक्के राखीव जागा मिळाल्या. जागा मिळाली हे खरे. परंतु राखीव जागेवर बसावयास शुल्क भरावे लागते, वसतिगृहात राहावे लागते, पुस्तके घ्यावी लागतात. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी मिळाली. जागा पुष्कळ वाढल्या, पण त्यांचा खर्च तिजोरीवरून उतरून आईबापांच्या खांद्यावर आला. १९२७ साली महाविद्यालयाच्या खर्चातील ३६ टक्के वाटा विद्यार्थ्याकडून घेणे बाबासाहेबांस विद्येचा व्यापार वाटला. जेथे जवळजवळ सर्वच खर्च विद्यार्थ्याकडून वसूल होतो, त्या व्यवस्थेस त्यांनी काय म्हटले असते, ह्याचा विचार वाचकांनीच करावा.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने शुल्क प्रतिपूर्तीची योजना राज्यात आहे, बाबासाहेबांच्या नावाने वसतिगृहाबाहेर राहणाऱ्यांसाठी स्वाधार योजना निघाली, आणि २०२४ साली राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ केले. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु रकमेचे हप्ते विलंबाने येतात, तोवर शुल्क भरण्याचा तगादा होतो, आणि वसतिगृहे मागणीस पुरत नाहीत, हे गाऱ्हाणे आपल्या मेळाव्यात दर वर्षी ऐकू येते. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्चावा असे सांगितले होते. २०२० च्या नव्या राष्ट्रीय धोरणातही सहा टक्क्यांचे तेच ध्येय पुन्हा लिहिले गेले. मध्यंतरी अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. जे साध्य झाले ते पुन्हा लिहावे लागत नाही, एवढे म्हणून आम्ही हा विषय येथे थांबवितो.

कोणी असेही म्हणेल की, सरकारकडे तोंड वेंगाडण्यापेक्षा ज्ञातीने आपल्या मुलांची सोय आपणच करावी. स्वावलंबनाचा हा विचार आम्हांस प्रिय आहे. संघ त्यावरच उभा आहे. परंतु बाबासाहेबांनी सोलापुरास वसतिगृहही चालविले आणि कौन्सिलात अनुदानही मागितले. महाविद्यालयही काढले आणि घटनेपुढे पहिल्या भाराचे मागणेही ठेवले. समाजाची वर्गणी आणि सरकारची तिजोरी ह्यांपैकी एकीने दुसरीची जागा घ्यावी असे त्यांनी मानले नाही. शिवाय तिजोरीतला पैसा कोणा परक्याचा नव्हे. मातीच्या गाडीपासून काड्यापेटीपर्यंत आपण जे जे विकत घेतो, त्यावर कर भरतो. अबकारीचा पैसा ज्यांच्या खिशातून गेला त्यांच्याच मुलांसाठी बाबासाहेबांनी तो परत मागितला होता. आपण मागतो तेही ह्याच हिशेबाने.

तेव्हा ह्या चरित्रापासून घ्यावयाचा बोध आमच्या अल्पमतीप्रमाणे असा आहे. शिक्षण निधीची वर्गणी कोणी कमी करू नये. किंबहुना ज्यांची मुले ह्या निधीवर शिकून मिळवती झाली त्यांनी ती वाढवावी. परंतु त्याचबरोबर प्रत्येक जिल्हा शाखेने आपल्या विद्यार्थ्यांचे शुल्क, वसतिगृहाची स्थिती आणि अडलेल्या शिष्यवृत्त्या ह्यांची नोंद ठेवावी, आणि अंदाजपत्रकी अधिवेशनापूर्वी ती आपापल्या आमदारांपुढे आकड्यांनिशी ठेवावी. हे काम एकट्या आपल्या ज्ञातीने करण्याचे नव्हे. ज्यांची मुले त्याच दाराशी अडतात त्या सर्व ज्ञातींस, आणि विशेषतः ज्यांच्या पूर्वजांनी ही वाट प्रथम पाडली त्या बांधवांस, बरोबर घेऊन ते झाले पाहिजे. बाबासाहेबांनी आपली चौदा मुले मोजली होती. आज महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींची संख्या मोठी आहे, आणि शुल्काअभावी परतणाऱ्यांची मोजदाद ठेवणे हे आता आपले काम आहे. त्या कामास ज्ञातिबांधवांनी ह्या वर्षापासून आरंभ करावा, अशी आमची सर्वांस नम्र विनंती आहे.